दार कोण लावतं ते बघा : झॉम्बीपटांतली समाजटीका कशी वाचायची

झॉम्बीला काही म्हणायचं नसतं. त्याला बोलता येत नाही, कट रचता येत नाही, सूडही उगवायचा नसतो. ड्रॅक्युलाला किल्ला असतो, घराणं असतं, आवडीनिवडी असतात. भुताची निदान एखादी इच्छा राहून गेलेली असते. झॉम्बीकडे फक्त चाल आणि भूक. भयपटांतल्या सगळ्या राक्षसांत तो सर्वांत पोकळ, म्हणूनच गेली नव्वद वर्षं दिग्दर्शक त्याच्यात आपापल्या काळाची भीती भरत आले आहेत.

त्यामुळे ‘झॉम्बी म्हणजे कशाचं प्रतीक?’ हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने धरलेला असतो. माणसं कुठे लपलीत, कडी कुणाच्या हातात आहे आणि बाहेरच्याला आत घ्यायचं की नाही हे कोण ठरवतं, हे विचारलं की चित्रपट बोलायला लागतो. पुढे काही चित्रपटांचे शेवट उघड केले आहेत, कारण शेवटाला हात न लावता हा विषय समजावता येत नाही.

दारं नंतर आली. झॉम्बी जन्मला उसाच्या मळ्यात. आजचं हैती म्हणजे अठराव्या शतकातली सँ-दोमँग ही फ्रेंच वसाहत. १७९१मध्ये तिथे गुलामांचा उठाव झाला, तेव्हा वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम होते. ऊस तोडणं आणि साखर काढणं इतकं जीवघेणं होतं की आफ्रिकेतून आणलेली माणसं थोड्याच वर्षांत मरत आणि मालक त्यांच्या जागी नवी विकत घेत. मेल्यावर जीव समुद्रापार आपल्या मूळ भूमीत, ‘गिने’मध्ये परत जातो, ही समजूत म्हणजे सुटकेची एकच वाट. हैतीच्या लोककथांतला झॉम्बी नेमकी हीच वाट बंद करतो. बोकोर नावाचा मांत्रिक मेलेल्याला थडग्यातून उठवतो आणि शेतावर राबवतो. इथे झॉम्बी आपल्याला चावेल ही भीतीच नाही. आपलाच झॉम्बी होईल, मरूनही कामातून सुटका होणार नाही, ही भीती आहे.

या कथांत एक लहानसा नियम आहे : झॉम्बीला मीठ चाखू द्यायचं नाही. मीठ जिभेला लागलं की आपण मेलो आहोत हे त्याला कळतं आणि तो थडग्याची वाट धरतो. मराठीत खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे मालकाशी इमान राखायचं. हैतीत मीठ खाऊन जो जागा होतो, तो मालकाला सोडून जायला.

ही गोष्ट अमेरिकेत पोचली तीही सरळ मार्गाने नाही. १९१५ ते १९३४ हैती अमेरिकी फौजांच्या ताब्यात होतं आणि त्या काळात रस्ते बांधायला तिथल्या शेतकऱ्यांना अक्षरशः वेठीला धरलं गेलं. विल्यम सीब्रूक या अमेरिकी लेखकाचं हैतीवरचं पुस्तक १९२९मध्ये आलं. त्यातले मृत मजूर राबतात ते हॅस्कोच्या, म्हणजे हैतियन-अमेरिकन शुगर कंपनीच्या उसात. थडग्यातून उठवलेला माणूस आता परदेशी कंपनीसाठी ऊस तोडत होता.

तीनच वर्षांनी, १९३२मध्ये, ‘व्हाइट झॉम्बी’ आला. यातला साखर कारखान्याचा प्रसंग आजही पाहण्यासारखा आहे. उसाच्या टोपल्या घेतलेली माणसं रांगेने चालत येतात आणि टोपल्या चरकात ओततात. खाली आणखी काही जण चरक फिरवत असतात. संगीत नाही, फक्त लाकूड कुरकुरल्याचा आवाज. एक जण तोल जाऊन चरकात पडतो. कुणी थांबत नाही, कुणी वळून पाहत नाही, कुरकुर तशीच चालू राहते. मग मालक पाहुण्याला सांगतो की हे मजूर फार इमानी आहेत, कामाचे तास जास्त झाले म्हणून कुरकुर करत नाहीत. हा चित्रपट आला तेव्हा मंदीने अमेरिकेत लाखो लोक बेकार झाले होते. तरी त्याचं शीर्षक पुन्हा वाचा. गोष्टीतला खरा अनर्थ काय, तर एका गोऱ्या तरुणीवर ही पाळी येणं. रांगेतले काळे मजूर पार्श्वभूमीपुरते. चरकाचं दृश्य शोषणावर बोट ठेवतं आणि शीर्षक त्याच शोषणाला गृहीत धरतं. झॉम्बीपटात ही गोष्ट वारंवार दिसते : टीका आणि पूर्वग्रह एकाच रिळात.

आज आपण ज्याला झॉम्बी म्हणतो, माणूस खाणारा, झुंडीने येणारा, डोक्यात गोळी घातली तरच थांबणारा, तो मात्र १९६८चा. जॉर्ज रोमेरोने पिट्सबर्गच्या आसपास, कृष्णधवल फिल्मवर, साधारण १ लाख १४ हजार डॉलरमध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. रंग दिसणारच नव्हता. गंमत म्हणजे या चित्रपटात ‘झॉम्बी’ हा शब्द एकदाही येत नाही. तो प्रेक्षकांनी नंतर चिकटवला.

रोमेरोने मांत्रिक काढून टाकला. मालकच नाही म्हटल्यावर ज्याच्याकडे बोट दाखवावं असा खलनायकही उरला नाही. चित्रपटात शुक्रावरून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्साराची एक शक्यता ऐकू येते, पण ती कुणी सिद्ध करत नाही. दुसरा बदल जास्त खोल आहे आणि त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. रोमेरोच्या जगात चावा बसला तरच माणूस उठतो असं नाही. जो कोणी मरतो, तो उठतो. याचा परिणाम बघा. तुम्ही दारंखिडक्यांना कितीही फळ्या ठोका, आतलं कुणी तापाने किंवा आपसातल्या भांडणात मेलं तरी धोका आतच तयार होतो. माणसं ज्या शेतघरात लपलीत, तिथली लहान मुलगी तळघरातच बदलते आणि आईला गवंड्याच्या थापीने मारते. दार बंदच असतं.

पुढच्या कित्येक चित्रपटांनी हा नियम बदलून ‘विषाणू, तोही रक्तातून’ असा केला आणि नियमाबरोबर अर्थही बदलला. विषाणूचा झॉम्बी आला की सीमा येते, तपासणी येते, ‘तुला चावलंय का, दाखव’ येतं. मग चावा लपवणारं एक पात्र हमखास असतं. रोमेरोचा नियम विचारतो की आपण एकमेकांशी कसे वागतो. विषाणूचा नियम विचारतो की आपल्यातला कोण आणि परका कोण. त्यामुळे चित्रपट पाहताना पहिल्या वीस मिनिटांत एवढं हेरून ठेवा : माणूस नेमका कशाने बदलतो, किती वेळात, आणि उलटा फिरतो का. बाकीचं राजकारण बहुधा या तीन उत्तरांतच असतं.

आता १९६८चा शेवट. बेन हा नायक काळा आहे. रात्रभर तो आणि हॅरी कूपर नावाचा गोरा गृहस्थ एकाच मुद्द्यावर भांडतात, वर राहायचं की तळघरात. आपली सहानुभूती अर्थातच बेनला. कूपर भित्रा आणि आढ्यताखोर. आणि तरी पहाटे बेन वाचतो तो तळघरात शिरल्यामुळेच. तळघराबद्दल कूपरचं बरोबर होतं, हे रोमेरो एका शब्दाने न सांगता दाखवतो. सकाळी शेरीफची सशस्त्र टोळी कुत्री घेऊन शेतं विंचरत येते. आवाज ऐकून बेन वर येतो, खिडकीपाशी जातो, बाहेर डोकावतो. लांबून एक जण नेम धरतो आणि कपाळात गोळी घालतो. कुणी हाक मारत नाही, खात्री करत नाही. त्यानंतर चित्रपट चालतो तो नुसत्या छायाचित्रांवर, वर्तमानपत्रात छापल्यासारख्या भरड दाण्याच्या. मांस उचलायचे आकडे घेतलेली माणसं, आकड्याने ओढलेलं प्रेत, लाकडांचा ढीग. अमेरिकेत काळ्या माणसांना जमावाने मारून त्यांच्या प्रेतांबरोबर काढलेले फोटो ज्यांनी पाहिले होते, त्यांना हे कशासारखं दिसतंय ते सांगावं लागलं नाही.

इथे एक खुलासा हवा, कारण या बाबतीत बरंच ठोकून दिलं जातं. रोमेरो स्वतः सांगत असे की बेनची भूमिका काळ्या माणसासाठी लिहिलेली नव्हती. ड्वेन जोन्सची चाचणी सर्वांत चांगली झाली म्हणून त्याला घेतलं. चित्रीकरण १९६७मध्ये झालं आणि एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा चित्रपट तयार होता. म्हणजे अर्थाचा मोठा भाग निवडीतून आणि काळातून आला, संहितेतून नाही. म्हणून तो खोटा ठरत नाही. ‘दिग्दर्शकाला हेच म्हणायचं होतं’ आणि ‘चित्रपटात हे दिसतं’ ही वाक्यं मात्र वेगळी ठेवलेली बरी.

हेतू ठरवून केलेली टीका दहा वर्षांनी आली. १९७८चा ‘डॉन ऑफ द डेड’ पेनसिल्व्हेनियातल्या मन्रोव्हिल मॉलमध्ये चित्रित झाला, दुकानं बंद झाल्यावर, रात्री. नाताळच्या सजावटीमुळे मध्ये काम थांबवावं लागलं, कारण रोज रात्री सगळं उतरवून पहाटे पुन्हा लावणं परवडणारं नव्हतं. चौघं हेलिकॉप्टरने गच्चीवर उतरतात आणि खाली पाहतात तर झॉम्बी मॉलमध्येच भटकताहेत. हे इथे का येतात, असा प्रश्न पडतो. उत्तर मिळतं की सवय असेल, कसलीशी आठवण असेल. ही जागा त्यांच्या आयुष्यात महत्त्वाची होती.

बहुतेक लेख या संवादापाशी थांबतात आणि ‘झॉम्बी म्हणजे ग्राहक’ असं लिहून मोकळे होतात. तेवढंच असतं तर तो पाच मिनिटांचा विनोद झाला असता. खरं काम पुढच्या तासाभरात होतं आणि ते जिवंत माणसांवर होतं. ते ट्रक आडवे लावून प्रवेशद्वारं अडवतात, कुलपं घालतात, आतले झॉम्बी एकेक करून मारतात, प्रेतं शीतगृहात रचतात. मग उंची कपडे, घड्याळं, बर्फावर घसरण्याचा रिंक. बँकेतून नोटाही उचलतात, ज्यांना आता रद्दीइतकी किंमत नाही. हळूहळू चेहरे उतरतात. एका दृश्यात नायक स्टीफन अंगठी पुढे करतो आणि नायिका नको म्हणते. आता ते खरं वाटणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. सगळं फुकट मिळालं की मिळवण्याला अर्थ राहत नाही, हे त्या नकारात आलं.

मग मोटारसायकलवाली टोळी मॉल लुटायला येते. गप्प बसलं असतं तर ते लुटून निघूनही गेले असते. पण स्टीफन बंदूक उचलतो आणि पुटपुटतो : हे आपलं आहे, आपण घेतलंय. चित्रपटाचा कणा हा संवाद, आधीचा नव्हे. स्टीफन मरतो, उठतो आणि इतर झॉम्बींना घेऊन थेट त्या खोट्या भिंतीपाशी येतो, जिच्यामागे यांची लपायची जागा आहे. बाकी सगळं विसरला तरी मालकीची जागा त्याच्या पायांना आठवते.

१९८५चा ‘डे ऑफ द डेड’ यानंतरचा. भूमिगत तळ, एका बाजूला सैनिक, दुसऱ्या बाजूला शास्त्रज्ञ, आणि बब नावाचा एक झॉम्बी जो फोन कानाला लावायला, सलाम ठोकायला शिकतो. शिकवणारा डॉक्टर बक्षीस म्हणून त्याला मेलेल्या सैनिकांचं मांस देतो, हे कळल्यावर कुणाची बाजू घ्यायची याचा गोंधळ उडतो.

पुढचा मोठा बदल वेगाचा. संथ झॉम्बी टाळता येतो. माणसं मरतात ती भांडल्यामुळे, लोभामुळे किंवा पेंगल्यामुळे, म्हणजे दोष माणसाचाच. झॉम्बी धावू लागला की विचाराला वेळ उरत नाही आणि दोष नशिबावर जातो. त्यामुळे वेगवान झॉम्बीच्या चित्रपटात टीका करायला दिग्दर्शकाला थांबे शोधावे लागतात. डॅनी बॉयलने २००२च्या ‘ट्वेन्टी-एट डेज लेटर’मध्ये ते शोधले. काटेकोरपणे बोलायचं तर यातले बाधित मेलेले नाहीतच. त्यांना क्रोधाचा विषाणू झाला आहे. पहिल्याच दृश्यात प्रयोगशाळेत बांधलेल्या चिंपांझीला पडद्यांवर दंगलींची, मारहाणीची बातमीदृश्यं दाखवली जाताहेत. रोग काय आहे ते इथेच सांगून झालं. बराचसा चित्रपट साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेतल्यामुळे प्रतिमा बातमीच्या चित्रणासारखी खरखरीत दिसते, आणि तीच त्याची ताकद आहे. पुढे रेडिओवर आश्रयाचं आश्वासन देणारे सैनिक भेटतात. त्यांच्या मेजरने आपल्या लोकांना बायका देण्याचं वचन दिलेलं असतं. आश्रयाच्या त्या हवेलीत शिरल्यावर बाहेरचे बाधित दुय्यम ठरतात.

दाराचा सगळ्यात नेमका उपयोग मात्र २०१६च्या ‘ट्रेन टू बुसान’मध्ये आहे. दिग्दर्शक यॉन सांग-हो. सोलहून बुसानला निघालेली वेगवान गाडी म्हणजे आयता बनवलेला समाज : एकामागे एक डबे आणि प्रत्येक दोन डब्यांमध्ये सरकतं दार. यातले झॉम्बी नजरेवर चालतात. माणूस दिसला की झेपावतात, दिसला नाही की सैरभैर होतात. म्हणून एक गरोदर बाई दाराच्या काचेवर पाणी मारून वर्तमानपत्र चिकटवते आणि पलीकडचा गोंगाट थंडावतो. बोगद्याच्या अंधारात ते आंधळे होतात आणि नायक डबे पार करतात. नियम आधी दाखवला, मग वापरला. चांगल्या झॉम्बीपटाची ही खूण.

नायक निधी व्यवस्थापक आहे, स्वतःपुरतं पाहणारा. तो आणि आणखी दोघं नवव्या डब्यातून निघून, वाटेत अडकलेल्यांना घेऊन, पंधराव्या डब्यापर्यंत येतात. तिथे निरोगी माणसं आहेत आणि त्यांनीच दार अडवून धरलंय. एका परिवहन कंपनीचा बडा अधिकारी त्यांना पटवून देतो की बाहेरचे बाधित असणार. दार उघडेपर्यंत एक चांगला माणूस जातो. आत आल्यावरही यांना पुढच्या मोकळ्या जागेत हाकललं जातं आणि मधलं दार बांधून घेतलं जातं. हाकलणारे कुणी गुंड नाहीत. नीटनेटके प्रवासी आहेत, एकमेकांकडे बघून माना डोलावणारे. त्यांच्यातली एक म्हातारी काचेपलीकडे आपल्या बदललेल्या बहिणीला बघत बसते, मग या माणसांकडे एकदा बघते आणि उठून झॉम्बींच्या बाजूचं दार उघडते. संवादातून भाषण नाही. दोन वर्षांपूर्वी, २०१४मध्ये, सेवोल ही बोट बुडाली. आतल्या शाळकरी मुलांना ‘जागेवरच थांबा’ असं सांगण्यात आलं होतं आणि तीनशेहून जास्त माणसं गेली. चित्रपटात टीव्हीवरून सरकार परिस्थिती आटोक्यात असल्याचं सांगतं, तेव्हा कोरियन प्रेक्षकाला काय आठवलं असेल ते उघड आहे.

हे फसतं कुठे? सर्वांत साधी चूक म्हणजे अर्थ पात्राच्या तोंडी घालणं. खुद्द रोमेरोकडून ती झाली. २००५च्या ‘लँड ऑफ द डेड’मध्ये श्रीमंत मनोऱ्यात राहतात, गरीब पायथ्याशी, झॉम्बी कुंपणाबाहेर. मांडणी उत्तम, आतषबाजी दाखवून झॉम्बींना गुंगवण्याची कल्पनाही उत्तम. पण मनोऱ्याचा मालक ‘आम्ही दहशतवाद्यांशी वाटाघाटी करत नाही’ असं म्हणतो, आणि पुढचं शोधायचं काम प्रेक्षकाकडे उरत नाही. उलट एडगर राइटने २००४च्या ‘शॉन ऑफ द डेड’मध्ये नायकाला सकाळी पेंगुळल्या डोळ्यांनी दुकानापर्यंत चालवलं, दोनदा, दर वेळी एकाच सलग शॉटमध्ये. दुसऱ्या वेळी जग बुडालेलं आहे, हाताचे ठसे रक्ताचे आहेत, आणि त्याच्या लक्षात येत नाही. विनोदी चित्रपटाने भाषणाशिवाय काम उरकलं.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. झॉम्बीला नाव नसतं, त्याला मारल्याचं पाप नसतं, तो झुंडीत येतो. ही सोय वापरताना ती झुंड कुणासारखी दिसते याकडे दुर्लक्ष झालं, तर चित्रपट नकळत गरीब, स्थलांतरित, परके यांच्याबद्दलचीच घृणा विकतो. २०१३च्या ‘वर्ल्ड वॉर झेड’मध्ये जेरुसलेमभोवती भिंत आहे, आत निर्वासितांना घेतलं जातं, ते आनंदाने गाऊ लागतात आणि त्या आवाजाने खवळलेली झुंड एकमेकांच्या अंगावर चढून भिंत ओलांडते. भिंती कुचकामी असतात असं हे दृश्य म्हणतं, की आत घेतलेच कशाला असं? दोन्ही वाचता येतं, आणि कॅमेरा आकाशातून मुंग्यांसारखी माणसं दाखवत असल्यामुळे चित्रपट उत्तर द्यायचं टाळतो. माझ्या मते हा धूर्तपणा नाही, निष्काळजीपणा आहे.

तोच दाराचा प्रश्न जेफ बार्नबी या कॅनडातल्या मिगमाव या मूळनिवासी समाजातल्या दिग्दर्शकाने २०१९च्या ‘ब्लड क्वांटम’मध्ये उलटा केला. साथ येते, पण मूळ रहिवाशांना बाधा होत नाही. आता गोरे निर्वासित त्यांच्या वस्तीच्या फाटकाशी उभे आहेत आणि त्यांना आत घ्यायचं का, यावर वस्तीत फूट पडते. क्युबातला २०११चा ‘हुआन ऑफ द डेड’ वेगळ्याच बाजूने येतो. तिथे सरकारी वाहिनी झॉम्बींना अमेरिकेच्या पैशावर चालणारे विरोधक म्हणते. नाव देण्याचा हक्क कुणाकडे आहे, हाही दाराचाच प्रकार.

म्हणून सुरुवातीला माणूस कशाने बदलतो ते हेरलंत, तसं शेवटाला गोळी कोण झाडतं आणि झाडण्याआधी खात्री करतं का, ते बघा. ‘ट्रेन टू बुसान’च्या अखेरीस गरोदर बाई आणि नायकाची लहान मुलगी अंधाऱ्या बोगद्यातून पायी येतात. पलीकडे सैनिक नेम धरून बसलेत. बाधित आहेत की नाहीत ते दिसत नाही, आणि हुकूम येतो, गोळ्या घाला. सैनिकाचं बोट चापावर असतानाच बोगद्यातून गाणं ऐकू येतं. मुलगी वडिलांना ऐकवण्यासाठी बसवलेलं गाणं रडत रडत म्हणतेय. बंदूक खाली येते. १९६८मध्ये त्या खिडकीपाशी बेन गप्प उभा होता.